फ्लॉरेन्समधली लग्नं, पंधरावं शतक: मुलगी बघणं, हुंड्याची ठेव आणि अंगठीचा दिवस

रानजाई

रेनेसाँस म्हटलं की बोत्तिचेल्लीच्या चित्रातल्या बायका, रेशीम, मोती आणि खिडकीखाली उभा राहून गाणारा प्रियकर असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. हल्ली तर रेनेसाँस थीमच्या लग्नांचे फोटोसुद्धा फिरत असतात. मला त्या काळातल्या खऱ्या लग्नांबद्दल लिहायचंय, आणि त्यातही फ्लॉरेन्सबद्दल, कारण तिथली कागदपत्रं अफाट टिकलीत, बायकांनी मुलांना लिहिलेली पत्रं, पुरुषांच्या घरगुती हिशोबाच्या वह्या, नोटरीचे दस्त, कराच्या नोंदी, सगळं.

हे सगळं वाचल्यावर माझं मत असं झालंय की तिथं लग्न हा दोन घराण्यांमधला पैशाचा आणि राजकारणाचा करार होता, आणि त्या करारात सगळ्यात मोठी रक्कम जिच्या नावाने फिरायची तिला त्या रकमेला हात लावायचा अधिकार जवळपास नव्हता. पण म्हणून बायका गप्प बसून होत्या असंही नाही, काही आयांनी हा व्यवहार इतका पक्का सांभाळलाय की वाचताना थक्क व्हायला होतं.

आधी वय बघा. १४२७ साली फ्लॉरेन्सने कर बसवायला घरटी पाहणी केली, कातास्तो म्हणतात तिला, त्यात प्रत्येक घरातली माणसं, वयं, मालमत्ता, कर्जं सगळं लिहिलंय. त्यावरून दिसतं की मुलींची लग्नं साधारण सतरा-अठराव्या वर्षी व्हायची आणि पुरुषांची तिशीच्या आसपास. म्हणजे बारा-तेरा वर्षांचं अंतर. नवरा धंद्यात स्थिर झालेला, कधी परदेशात पेढी सांभाळून आलेला, आणि मुलगी वडलांच्या घरातून थेट त्याच्या घरात. विधवांची संख्या तिथं एवढी मोठी का होती ते यातच आलं.

आता लग्न ठरायचं कसं. आधी मध्यस्थ फिरायचा, सेन्साले, तो धंद्यातला दलालही असायचा किंवा घरोब्यातला माणूस. मग दोन्हीकडचे पुरुष गुपचूप भेटून हुंडा ठरवायचे आणि हातात हात द्यायचे. की सोयरीक पक्की. त्यानंतर नातेवाईकांसमोर, बऱ्याचदा चर्चमध्ये, दोन्ही बाजूंचे पुरुष शपथ घ्यायचे आणि नोटरी कागद करायचा. गंमत नाही, खरंच सांगते, या समारंभाला मुलगी हजर असायची गरजच नव्हती. मग अंगठीचा दिवस. तो मुलीच्या घरी. नवरा आपली माणसं घेऊन यायचा, नोटरी दोघांना संमती विचारायचा, मुलीचा उजवा हात धरून पुढे करायचा आणि नवरा अंगठी घालायचा. तिथं पाद्री लागत नव्हता. आणि मग शेवटी मुलीला नवऱ्याच्या घरी नेणं, घोड्यावरून, मशाली, वाजंत्री, मागे मेजवानी. हातात हात दिल्यापासून इथपर्यंत यायला काही आठवडे लागायचे, काही महिने, कधी वर्षसुद्धा, कारण हुंड्याचे पैसे जमले नसले की सगळं तिथंच अडकायचं.

आता माझी सगळ्यात आवडती बाई. अलेस्सांद्रा माचिंगी स्त्रोत्झी. नवरा मात्तेओ १४३४ मध्ये मेदिची हे पेढीवालं घराणं सत्तेवर आलं तेव्हा हद्दपार झाला आणि लवकरच पेझारोमध्ये वारला. हिच्या पदरात लहान मुलं. मुलगे मोठे झाल्यावर त्यांनाही शहरात राहायची बंदी आली, थोरला फिलिप्पो नेपल्सला नातेवाइकांच्या पेढीत. ही एकटी फ्लॉरेन्समध्ये घर, शेतं, कर, सगळं बघतेय आणि मुलांना पत्रं लिहितेय. ऑगस्ट १४४७ च्या पत्रात ती फिलिप्पोला कळवते की तुझ्या बहिणीची, कातेरीनाची सोयरीक ठरवली. मुलगा मार्को पारेंती, २५ वर्षांचा, रेशमाचा धंदा, घरचं बरं आहे पण घराणं आपल्या तोलाचं नाही. हुंडा १००० फ्लोरिन, फ्लोरिन म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं. आणि पुढे ती सरळ हिशोब मांडते की चौदा-पंधराशे देता आले असते तर याहून वरचं घर मिळालं असतं, पण मुलगी सोळाची झालीय आता आणखी थांबायला नको, आणि जास्त दिले तर तुम्हा मुलांचं भांडवल तुटतं. एका आईने एका कागदावर मुलीचं आयुष्य आणि मुलांचा धंदा दोन्ही तोलून ठेवलेत. आणि त्याच पत्रात मार्कोने किरमिजी रेशमी मखमलीचा कसा झगा शिवायला टाकलाय, मोत्यांनी मढवलेला पिसांचा मुकुट कसा, आणि लेक घराबाहेर पडेल तेव्हा तिच्या अंगावर चारशे फ्लोरिनपेक्षा जास्तीचा ऐवज असेल हेही ती अभिमानाने लिहिते.

कुणाला यातलं आणखी काही माहीत असेल तर लिहा. चित्रं, कायदा, दुसरे देश, काहीही चालेल.

गोदातीर

सुंदर लिहिलंयस रानजाई. एक प्रश्न, मग प्रेमात पडणं, प्रेमाच्या कविता, ते सगळं कुठे होतं? पेत्रार्कापासून सगळी इटालियन कविता तर प्रेमावरच आहे ना.

रानजाई

गोदातीर, होतं की, पण ते लग्नाच्या बाहेर होतं, आणि बहुतेक वेळा कवितेत आणि खेळात. लोरेंत्झो दे मेदिचीचंच बघ. फेब्रुवारी १४६९ मध्ये सांता क्रोचेच्या चौकात त्याने भाल्याच्या झुंजींचा मोठा खेळ भरवला, आणि त्यात तो ज्या बाईचा मान म्हणून उतरला ती होती लुक्रेत्झिया दोनाती, दुसऱ्याची लग्नाची बायको. सगळ्या शहराला माहीत होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही कारण हा दरबारी प्रेमाचा रिवाज होता, दुरून पूजा करायची. त्याच महिन्यांत त्याचं स्वतःचं लग्न रोमच्या क्लारिचे ओर्सिनीशी ठरलेलं होतं. आणि त्याच्या नोंदीत तो लिहितो की मी क्लारिचेला बायको केली, आणि लगेच पुढे, किंवा असं म्हणू की ती मला देण्यात आली. ज्याच्या हातात फ्लॉरेन्सची सत्ता येणार होती त्या पोराची ही अवस्था.

क्लारिचेला बघायला गेली होती त्याची आई, लुक्रेत्झिया तोर्नाबुओनी. १४६७ च्या मार्चमध्ये ती रोमला भावाकडे गेली आणि तिथून नवऱ्याला पत्रं लिहिली. सेंट पीटरकडे जाताना रस्त्यात मुलगी आईबरोबर दिसली, उंच आहे, गोरी आहे, केस तांबूस झाकेचे, चेहरा गोलसर, मान जरा बारीक, हात लांब आणि नाजूक, मान खाली घालून चालते पण ते लाजेमुळे असावं, आणि रोमच्या बायका अंगभर पांघरून घेतात म्हणून छाती नीट दिसली नाही. पुढे भेटीगाठीत पुन्हा निरखून घेतलं. आपल्या मुली मात्र वागायला जास्त मोकळ्या आहेत असाही शेरा मारलाय. हुंडा ६००० फ्लोरिन. पण मेदिचींना पैशापेक्षा ओर्सिनी हवे होते, म्हणजे रोममधलं सरदार घराणं, सैन्य, चर्चमध्ये वजन. फ्लॉरेन्सच्या बाहेरची सून करण्याचा असा प्रकार तिथल्या मोठ्या घरांत तोवर फार होत नव्हता, त्यामुळे लोकांना हे चांगलंच टोचलं.

हिशोबनीस

बँकेत आयुष्य गेलं त्यामुळे हुंड्याच्या ठेवीबद्दल मी लिहितो. रानजाईने शीर्षकात ठेव लिहिलंय पण खाली सांगायचं राहिलं.

फ्लॉरेन्स सरकारने १४२५ मध्ये मोंते देल्ले दोती नावाचा फंड काढला. कारण मिलानशी युद्ध चालू होतं आणि तिजोरीत खडखडाट. दुसरीकडे हुंडे वाढतच चाललेले. मग सरकारने दोन्ही गरजा जोडल्या, मुलगी लहान असताना बापाने पैसे ठेवायचे, साडेसात वर्षं किंवा पंधरा वर्षं मुदत, आणि लग्न झालं की हुंडा सरकार देणार. सुरुवातीच्या योजनेत १०० फ्लोरिन ठेवले तर १५ वर्षांनी ५०० मिळायचे, म्हणजे चक्रवाढीने हिशोब केला तर वर्षाला सव्वा अकरा टक्क्यांच्या आसपास. सरकारी हमीसकट हा दर कुठल्याही काळात मोठाच.

आणि तरी पहिली काही वर्षं लोक आलेच नाहीत! कारण अट अशी होती की मुलगी लग्नाआधी वारली तर मुद्दलसुद्धा सरकारजमा. त्या काळात प्लेग दर काही वर्षांनी यायचा, लहान मुलं पटापट जायची, कुठला बाप असा जुगार खेळेल. १४३३ मध्ये नियम बदलले, मुलगी गेली तर मुद्दल परत मिळायला लागलं आणि मग रांगा लागल्या. फंड चालला तेवढ्या काळात सुमारे एकोणीस-वीस हजार मुलींची नावं त्यात घातली गेली, खात्यांची पुस्तकं आजही फ्लॉरेन्सच्या दप्तरखान्यात आहेत. कातेरीनाच्या हुंड्यातलेही निम्मे, ५०० फ्लोरिन, या फंडातून येणार होते, मुदत १४४८ मध्ये भरत होती.

सगळ्यात लक्षात घेण्यासारखी अट म्हणजे पैसे मुलीला किंवा बापाला मिळत नव्हते, नवऱ्याला मिळायचे, आणि तेही लग्न शरीरसंबंधाने पूर्ण झाल्यावर. अंगठी घातली एवढ्यावर सरकार पैसे सोडत नसे. त्यामुळे काही जावई सासऱ्याच्या घरीच रात्र काढायचे, म्हणजे मुलगी वाजतगाजत घरी यायच्या आधीच क्लेम करता यायचा. कर्जात बुडालेलं सरकार पुढेपुढे पैसे द्यायला उशीर करायला लागलं आणि नवरे फंडाच्या खेपा घालत बसायचे तो भाग वेगळाच आहे.

एक फ्लोरिन म्हणजे साडेतीन ग्रॅम शुद्ध सोनं. हजार फ्लोरिन म्हणजे साडेतीन किलो. आकडा डोळ्यापुढे आणा.

सांजवेळ

साडेतीन किलो!! आणि ज्याला चार मुली त्याने काय करायचं?

आणि हे आपल्याकडच्या स्त्रीधनासारखं होतं का, म्हणजे बायकोच्या नावावर राहायचं का?

रानजाई

सांजवेळ, चार मुली असल्या तर दोघींची लग्नं आणि दोघी मठात, हे सर्रास. मठातही हुंडा द्यावा लागे पण तो बराच कमी. आणि आयुष्यभर त्या भिंतीआड. व्हेनिसमध्ये तर हे इतकं वाढलं की सोळाव्या शतकाच्या शेवटी उमरावांच्या जवळजवळ निम्म्या मुली मठांत होत्या. तिथल्या सिनेटने १४२० मध्येच कायदा करून हुंड्याला १६०० डुकाटची (व्हेनिसचं सोन्याचं नाणं) मर्यादा घातली होती, लोकांनी पळवाटा काढल्या, मग १५०५ मध्ये मर्यादाच वाढवून ३००० करावी लागली. अर्कांजेला ताराबोत्ती नावाची एक नन सतराव्या शतकात व्हेनिसच्या मठात बसून मुलींना असं जबरदस्तीने कोंडणाऱ्या बापांविरुद्ध इतक्या त्वेषाने लिहीत होती की आजही अंगावर येतं.

आणि स्त्रीधनाचं म्हणशील तर नाही, तसं नव्हतं. हुंडा कायद्याने बायकोचा, पण संसार चालू असेपर्यंत ताबा आणि गुंतवणूक नवऱ्याची. तो वारला की सासरच्यांनी तिला हुंडा परत द्यायचा. ऐकायला हे छान वाटतं. पण याचाच परिणाम सगळ्यात क्रूर होता. विशीतली विधवा, तिच्या माहेरचे पुरुष येऊन तिला घेऊन जायचे, हुंड्यासकट, कारण तोच हुंडा वापरून तिचं दुसरं लग्न लावता येतं, नवी सोयरीक जोडता येते. आणि मुलं? मुलं बापाच्या घराण्याची. ती तिथंच राहायची. पंधराव्या शतकातल्या कित्येक पुरुषांच्या वह्यांमध्ये आई आम्हाला टाकून गेली अशी तक्रार आहे. क्रिस्तियान क्लापिश-झ्युबेर या फ्रेंच इतिहासकार बाईंनी या वह्यांवर आयुष्यभर काम केलंय आणि त्यांनीच हे नीट दाखवलं, की मुलांच्या मनात आई क्रूर ठरली आणि तिला ओढून नेणारे मामा आणि आजोबा बाजूलाच राहिले. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. अलेस्सांद्रा विधवा झाल्यावर दुसरं लग्न न करता मुलांजवळ राहिली, म्हणून आपल्याला तिची पत्रं वाचायला मिळतात.

अबोली

मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे त्यामुळे लग्नाच्या पेट्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कास्सोने म्हणतात, लाकडी रंगवलेल्या मोठ्या पेट्या, बहुतेक जोडीने करायच्या, त्यात मुलीचे कपडे वगैरे आणि त्या वरातीत मिरवत न्यायच्या. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुलीचा बाप करवून घ्यायचा, नंतर नवऱ्याकडचे खोलीच्या सजावटीबरोबर करून घ्यायला लागले. आजच्या म्युझियममधली कितीतरी लांबट आडवी चित्रं ही मुळात अशा पेट्यांचे पुढचे फळे आहेत, पेट्या मोडल्या आणि फळे भिंतीवर टांगले.

आणि त्यावर काय रंगवायचे ते बघा. सॅबाइन बायकांचं अपहरण. ग्रिसेल्दा, जिचा नवरा तिची परीक्षा बघायला मुलं काढून घेतो आणि ती सगळं निमूट सोसते. बोत्तिचेल्लीने १४८३ च्या सुमारास जान्नोत्झो पुच्ची आणि लुक्रेत्झिया बिनी यांच्या लग्नासाठी चार फळे केले, तीन माद्रिदच्या प्रादोमध्ये आहेत. पहिल्यातच पाइनच्या जंगलात एक नग्न बाई पळतेय, मागे घोडेस्वार, कुत्रे लचके तोडतायत. कथा अशी की तिने प्रेम नाकारलं म्हणून मेल्यावर ही शिक्षा, आणि ते दृश्य बघून दुसरी एक मुलगी घाबरून लग्नाला हो म्हणते. शेवटच्या फळ्यावर लग्नाची मेजवानी. हे नव्या नवरीच्या खोलीत लावायचं चित्र! मी पहिल्यांदा प्रिंटमध्ये बघितलं तेव्हा फक्त झाडांची रचना बघत होते, आमच्या सरांनीही कॉम्पोझिशनच शिकवलं. ज्या मुलीच्या डोळ्यासमोर ते रोज होतं तिचा विचार केल्याशिवाय हे चित्र शिकवूच नये असं मला मनापासून वाटतं.

मूल झालं की बाळंतिणीला रंगवलेलं ताट द्यायचे, त्यावरून खाणं न्यायचं. लोरेंत्झोच्या जन्माचं, १४४९ चं ताट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, त्याने ते मरेपर्यंत आपल्या दालनात ठेवलं होतं.

तांबडा रस्ता

जेवणाबद्दल कुणीच काही लिहीना! मेजवानीत काय असायचं?

रानजाई

तांबडा रस्ता, घ्या. जून १४६६, बेर्नार्दो रुचेल्लाई आणि लोरेंत्झोची बहीण नान्निना. नवऱ्या मुलाच्या बापाने, जोव्हान्नीने, वहीत सगळं लिहून ठेवलंय. वाड्यासमोरच्या चौकात रस्त्यावरच मोठा लाकडी मंच बांधला, वर निळ्या कापडाचं छत, फुलांच्या माळा, चांदीच्या भांड्यांनी भरलेला मांडणीचा ओटा, मंचावर नाच. पाचशेच्या आसपास माणसं जेवली. मागच्या गल्लीत स्वयंपाकघर थाटलेलं, आचारी आणि हाताखालची मिळून पन्नासेक माणसं. खेड्यांतून आणि आश्रित गावांतून आहेर म्हणून वासरं, कोंबडे, हंस, दारूची पिंपं गाड्या भरून आली. हुंडा २५०० फ्लोरिन. जोव्हान्नी रुचेल्लाई हा मेदिचींच्या विरोधकाचा जावई, त्याच्यावर वर्षानुवर्षं संशय होता, त्यामुळे या सोयरिकीने त्याचं शहरातलं बस्तान बसलं, म्हणून एवढा खर्च आणि तोही भर रस्त्यात, सगळ्यांना दिसेल असा.

लोरेंत्झो आणि क्लारिचेच्या वेळी, ४ जून १४६९ पासून तीन दिवस, पाच मेजवान्या. क्लारिचे घोड्यावरून आली, अंगावर पांढरा आणि सोनेरी ब्रोकेड. बसण्याची व्यवस्था बघण्यासारखी आहे, नवरी आणि तरुण बायका बागेकडच्या लोज्जात, म्हणजे कमानींच्या उघड्या पडवीत, वयस्कर बायका वरच्या मजल्यावर लुक्रेत्झियाबरोबर, तरुण पुरुष वेगळे, पिकलेले पुरुष वेगळे. नवरा-बायको एकत्र जेवलेच नाहीत.

कपड्यांवर कायदे होते, किती मोती, किती लांब शेपूट, कुठला रंग, सगळ्यावर. चौदाव्या शतकात तर बायकांचे बंदी आलेले झगे सरकारदरबारी नोंदवून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. पण लग्नात लोक दंड भरून घालायचे. आणि ते किरमिजी झगे, दागिने हे नवऱ्याकडून आलेले असले तरी नवरीचे होत नसत, हे लक्षात असू द्या. सासरच्या बायका तिला आपल्या बोटातल्या अंगठ्या द्यायच्या, कधी डझनभर, आणि काही वर्षांनी घरात दुसरी सून आली की हिने त्यातल्या अंगठ्या पुढे तिला द्यायच्या.

कायद्याचं बोला

पाद्री लागत नव्हता असं वर आलंय त्यावर थोडं. मध्ययुगीन चर्चच्या कायद्यात दोघांनी वर्तमानकाळात संमती दिली की लग्न झालं, साक्षीदार नसले तरी ते लग्न वैध. यातून भयंकर कज्जे व्हायचे. १४५५ चा फ्लॉरेन्समधला खटला प्रसिद्ध आहे, लुसान्ना विरुद्ध जोव्हान्नी देल्ला कासा. लुसान्ना शिंप्याची मुलगी, जोव्हान्नी मोठ्या व्यापारी घरातला, ती विवाहित असल्यापासून दोघांचे संबंध. नवरा वारल्यावर तिच्या भावाने हट्ट धरला की लग्न कर, तर एका फ्रान्सिस्कन साधूसमोर घरातच अंगठी घातली, नोटरी मात्र बोलवला नाही. दोन वर्षांनी जोव्हान्नीने रुचेल्लाई घराण्यातल्या पंधरा वर्षांच्या मारिएत्तेशी उघड लग्न केलं. लुसान्ना चर्चच्या कोर्टात गेली. खटला आला आर्चबिशप अंतोनिनोकडे, जो पुढे संत झाला, आणि त्याने शिंप्याच्या मुलीच्या बाजूने निकाल दिला! साधू आणि घरच्यांची साक्ष त्याने खरी मानली. जोव्हान्नीने रोमला अपील केलं आणि तिथं निकाल फिरला. नोटरीचा एक कागद असता तर रोमलाही तो फिरवणं जड गेलं असतं.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये हे बदललं. आधी चर्चमध्ये तीनदा जाहीर घोषणा, मग पाद्री आणि किमान दोन साक्षीदार, नाहीतर लग्नच नाही. आईबापांची संमती नसली तरी लग्न वैध हे मात्र परिषदेने कायम ठेवलं, फ्रान्सच्या राजाकडून त्याविरुद्ध खूप दबाव होता तरी.

मांडवीकर

ट्रेंटचा विषय निघालाच आहे तर गोव्याचं लिहितो, कारण ते नियम थेट आमच्याकडे आले. पोर्तुगालने ट्रेंटचे ठराव १५६४ मध्ये लागू केले आणि १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली, त्यातून ते इथल्या चर्चमध्ये उतरले. म्हणजे इटलीतल्या लुसान्नासारख्यांच्या प्रकरणांवर काढलेला तोडगा जुन्या गोव्यात लागू झाला.

त्याआधीचं म्हणजे आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या सैनिकांना इथल्या बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं, जमीन, घर देऊन. आणि नंतर सोळाव्या शतकात लिस्बनहून राजाच्या आश्रयाच्या अनाथ मुली गोव्याला पाठवायला लागले. त्या राजाच्या अनाथ मुली म्हणूनच ओळखल्या जायच्या. त्यांचा हुंडा रोख नसायचा, नोकरी असायची! म्हणजे जो तिच्याशी लग्न करेल त्याला अमुक किल्ल्यावरची किंवा वखारीतली सरकारी जागा. सहा-सात महिने जहाजातून यायचं, आणि इथं आल्यावर त्या पदासाठी जो उभा राहील त्याच्याशी लग्न. रानजाई म्हणते ते इथंही तसंच, मूल्य तिच्या नावावर आणि उपयोग दुसऱ्याला.

तिकडे फ्लॉरेन्सच्या बायकांनी निदान पत्रं लिहिली. या मुलींचा आवाज कुठेच नाही.

गोदातीर

मांडवीकर, हे वाचून खूप वेळ डोक्यात राहिलं. गोव्याच्या लग्नांवर वेगळा धागा काढा ना, रोस, ओव्या, इन्क्विझिशनचा १७३६ चा हुकूम वगैरे. काळ नंतरचा आहे त्यामुळे इथं नको पण वाचायचंय.

आणि एक, ज्युलिएट तेरा वर्षांची होती ना नाटकात, मग इंग्लंडमध्ये एवढ्या लहान वयात लग्नं व्हायची का?

कायद्याचं बोला

नाही गोदातीर. इंग्लंडमध्ये साध्या माणसांची लग्नं उशिरा व्हायची, मुलींची पंचविशीच्या आसपास आणि पुरुषांची त्याहून दोन-तीन वर्षं पुढे, कारण तिथं लग्न म्हणजे स्वतंत्र चूल, आणि त्यासाठी दोघांनीही चाकरी करून पैसे साठवायचे. खुद्द शेक्सपिअरचं उदाहरण उलट्या बाजूने वेगळं, नोव्हेंबर १५८२ मध्ये लग्न झालं तेव्हा तो अठराचा आणि अ‍ॅन हॅथवे सव्वीसची, आणि दिवस गेलेले. तीनदा घोषणा करायला वेळ नव्हता म्हणून एकाच घोषणेची परवानगी काढली आणि त्यासाठी ४० पौंडांचा जामीन कागद झाला. मे १५८३ मध्ये मुलीचा बाप्तिस्मा. नाटकातलं वेरोना इंग्लिश प्रेक्षकांनाही लांबचंच होतं. इंग्लंड प्रॉटेस्टंट असल्यामुळे ट्रेंट तिथं लागू नव्हतं, नुसत्या संमतीची लग्नं १७५३ च्या कायद्यापर्यंत वैध राहिली.

सांजवेळ

रानजाई, अलेस्सांद्राचं पुढे काय झालं ते सांग ना. मुलगे परत आले का? त्यांची लग्नं तिनेच लावली का?

रानजाई

सांगते. धाकटी मुलगी लेस्सांद्रा, तिचं १४५१ मध्ये जोव्हान्नी बोन्सीशी लग्न झालं. मग फिलिप्पोसाठी मुली बघणं, आणि यात तिला मदत कुणाची तर त्याच मार्को पारेंतीची, घराणं तोलाचं नाही म्हणालेली तोच जावई तिचा उजवा हात झाला होता. १४६५ च्या उन्हाळ्यात ती रविवारी पहाटेच्या प्रार्थनेला कॅथीड्रलमध्ये गेली, तिथं तानाल्यींची मुलगी यायची हे कळलेलं, तर तिच्या शेजारीच जागा धरली आणि नीट बघून घेतलं. चेहरा लांबट आहे, अगदी नाजूक नाही पण गावंढळही नाही, चाल आणि नजर बघता झोपाळू वाटत नाही, असं लिहिलंय. त्याआधी मुलीच्या बापाने मार्कोला गप्पा मारत घरी नेलं आणि मुलीला घरातल्याच साध्या कपड्यात सहज खाली बोलावलं म्हणजे त्यालाही बघता आलं. मुलगी बरं वाचते, घरात बारा पोरं आणि आई सतत बाळंतपणात त्यामुळे सगळं घर हीच बघते, हेही कळलं. सगळं जुळत आलं होतं, पण फिलिप्पो तिकडून ठाम होईना आणि ते राहिलं.

१४६६ मध्ये बंदी उठली, मुलगे फ्लॉरेन्सला आले आणि त्याच वर्षी फिलिप्पोचं फियाम्मेत्ता आदिमारीशी लग्न झालं, हुंडा १५०० फ्लोरिन. कातेरीनाच्या वेळी जो आकडा अलेस्सांद्राला देणं परवडलं नव्हतं तो आता सुनेच्या बापाकडून तिच्या घरात आला. तिला आणखी जेमतेम पाच वर्षं मिळाली, १४७१ मध्ये वारली. फियाम्मेत्ताही तरुणपणीच १४७६ मध्ये गेली आणि फिलिप्पोने पुढच्या वर्षी सेल्वाज्जा जानफिल्यात्झीशी दुसरं लग्न केलं. १४८९ मध्ये त्याने जो प्रचंड वाडा बांधायला घेतला तो फ्लॉरेन्सला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, पालात्झो स्त्रोत्झी, तिथं आता प्रदर्शनं भरतात.

पत्रांपैकी ७० च्या वर टिकलीत. कातेरीनाने स्वतः काही लिहिलेलं त्यात नाही, तिच्याबद्दल जे कळतं ते आईच्या पत्रांतून आणि नवऱ्याच्या हिशोबाच्या वहीतून. मार्कोच्या वहीत त्या लग्नाच्या कपड्यांचा बाब-बाबवार खर्च आहे, मखमल किती, पिसं किती, मोती किती. वेळ झाला की त्या यादीवर सविस्तर लिहीन, अबोली, रंगांबद्दल तुझी मदत लागेल.

अबोली

हो नक्की. किरमिजी रंग केर्मेस किड्यापासून करायचे आणि तो कापडापेक्षा महाग पडायचा, मी तिथून सुरुवात करते.